मांडूचा दर्या

कुलूपबंद पेटीतील वस्तू शोधण्यास फारसे सायास पडत नाहीत. किल्ली कोणाच्या कनवटीला आहे हे कळले की अर्धे काम होते, आणि किल्लीवाल्याची मर्जी संपादन केली की उरलेले अर्धेही उरकते. खरी पंचाईत होते ती वस्तू चव्हाट्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, ज्यास हवी त्याने खुशाल न्यावी अशा औदार्याच्या घोषणेसह मांडून ठेवलेली असते तेव्हा. मुक्त स्रोत, म्हणजे आमची तरुण मंडळी ज्यास ओपन सोर्स म्हणतात, त्या पंथाच्या सॉफ्टवेअरची अशीच ख्याती आहे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या सत्पुरुषाने 1983 साली ग्नू प्रकल्पाचा उद्घोष करून या पंथाचा पाया घातला आणि पुढे वापरकर्त्यास चार स्वातंत्र्ये बहाल केली: आज्ञावली चालविण्याचे, तिचा मूळ मजकूर अभ्यासण्याचे, तिच्या नकला वाटण्याचे आणि ती सुधारून पुन्हा वाटण्याचे. या चार स्वातंत्र्यांची मोजदाद शून्यापासून सुरू होऊन तिनावर संपते, आणि एवढ्या एका गोष्टीवरूनच पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना सुज्ञास यावयास हरकत नव्हती. अभ्यासावयाच्या मजकुरात नेमके काय कोठे आहे हे सांगण्याचे बंधन मात्र कोणत्याही परवान्याने कोणावरही घातलेले नाही.

या शास्त्राशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. धारेस आमच्या घराण्याचे वास्तव्य पवारांच्या अमदानीपासूनचे, आणि एवढ्या अवधीत घराण्यातील कोणीही कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याची नोंद नाही. परंतु येथून अवघ्या 35 किलोमीटरांवर मांडू आहे, आणि पावसाळा लागला की पुण्या-मुंबईकडील आप्तेष्टांना आमची जी उत्कट आठवण होते तिचे कारणही तेच आहे. या पाहुण्यांच्या हाती देण्यासाठी मांडूची माहिती देणारे एक मराठी पत्रक छापावे असे येथील मंडळींनी सभा भरवून ठरविले व ते लिहिण्याचे काम एकमताने माझ्यावर सोपविले. सभेस मी गैरहजर होतो. मी ते यथामति लिहिले. जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, बाजबहादुराचा वाडा, रूपमतीचा मंडप आणि फुगीर खोडाची ती खुरासानी चिंचेची झाडे, यांपैकी काहीही सोडले नाही. आणि भूगोलाचेही एखादे वाक्य असावे म्हणून आरंभीच मांडूच्या सभोवती खोल दऱ्या आहेत असे निःशंकपणे नमूद केले.

पत्रक छापून आले तेव्हा मांडूच्या सभोवती खोल दर्या होता.

मराठी माणसाच्या लेखणीतून आपसूक उतरणारा तो बाकदार अर्धा र कोठेतरी गळून पडला होता व त्याच्या ऐवजी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार येऊन बसला होता. आणि एकदा बसल्यावर त्याने तोच क्रम सर्वत्र चालू ठेवला होता. पत्रकात मनोर्याच्या पायर्या होत्या, कोपर्यातील विहीर होती, वार्याच्या झुळका होत्या. पुण्याहून आलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी ते पत्रक चष्म्याच्या खालच्या कडेतून शेवटपर्यंत वाचले आणि मला विचारले,

"नावाडी तासाचे काय घेतो हो?"

"कसला नावाडी?"

"नाही, सभोवती दर्या आहे म्हणता, जहाजही आहे म्हणता, म्हणून आपले विचारले."

जहाज महाल सुमारे 120 मीटर लांब असून मुंज तलाव व कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे, त्याचे जहाजपण तेवढ्यावरच संपते, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी काही वाद घातला नाही. पत्रकाच्या पुढील पानावर मांडूची समुद्रसपाटीपासूनची उंची 600 मीटरांहून अधिक असल्याचे मीच लिहिले होते त्यावर बोट ठेवून, एवढ्या उंचीवर समुद्र चढविणाऱ्या लेखकाकडे ते काही वेळ आदराने पाहत राहिले.

छापखान्याचे मालक माळव्यातले, बोलण्यात अत्यंत गोड. आणि गोड माणसाशी भांडताना जी एक असहायता अंगी येते ती मला त्यांच्यासमोर नेहमीच येते.

"भाऊसाहेब, मशीनने तर जसे आले तसे छापले."

"पण असे आले कोठून?"

"कॉम्प्यूटरमधून. सॉफ्टवेअरची गडबड असणार. फुकटचे आहे ना ते."

"मग त्या सॉफ्टवेअरवाल्यास विचारा."

"कोणाला विचारणार, भाऊसाहेब? त्याचा मालकच कोणी नाही!"

ज्या वस्तूला मालक नाही तिच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे गुदरावी, हा प्रश्न मी इंदुरास संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या पुतण्यास विचारला. तो हसला. "काका, लिब्रेऑफिसच आहे ना? मग काळजीच मिटली. सगळे ओपन सोर्स आहे. सोर्समध्ये शोधा, सापडेल." विहिरीवर जाऊन पाणी पिऊन या म्हणावे इतक्या सहज सुरात त्याने हे सांगितले, आणि विहीर कोठे आहे असे विचारताच, कोणती विहीर ते आधी ठरवावे लागेल, असे म्हणून तो जेवावयास बसला.

कागदावर एक अक्षर उमटविणे हे एकाच आज्ञावलीचे काम असावे अशी माझी तोपर्यंत समजूत होती. प्रत्यक्षात लिब्रेऑफिस केवळ मजकुराचा सांभाळ करते. त्यातील अक्षरांचा संयोग कसा व्हावा हे हार्फबझ नावाची निराळी आज्ञावली ठरविते. ठरलेल्या आकृतीचे ठिपके फ्रीटाइप पाडते. कोणता टंक योजावा याचा सल्ला फॉन्टकॉन्फिग देते. आणि टंक स्वतः, म्हणजे रेड हॅट कंपनीने 2004 साली मुक्त केलेल्या लोहित कुळातील देवनागरी, आपली संयोगाची कोष्टके आपल्याच पोटात बाळगून असतो. एवढी खाती म्हटल्यावर अर्ज फिरणार हे ओघानेच आले. फ्रीटाइपच्या दस्तऐवजात मजकुराची मांडणी आपल्या कक्षेत येत नाही असे स्वच्छ नमूद आहे, आणि हार्फबझच्या पुस्तिकेत तर हार्फबझ काय करीत नाही या विषयास स्वतंत्र कलमच वाहिलेले आहे. आमच्या सरकारी खात्यांना हे अद्याप सुचलेले नाही. आपण काय करीत नाही ते ती अर्जदारास अनुभवानेच कळू देतात. या हार्फबझचे नाव फारशी आहे व बेहदाद इस्फहबोद या इराणी गृहस्थांनी ती रचली. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांचाही कारभार तिच्याचकडे आहे. होशंगशहा व महमूद खिलजी यांच्या दरबारी जी भाषा चालत असे तिचेच नाव मिरविणाऱ्या आज्ञावलीच्या हवाली मांडूच्या पत्रकातील मराठी अर्धा र व्हावा, हा योग इतिहासाने फुरसतीने जुळवून आणलेला दिसतो.

लिब्रेऑफिसच्या खात्यातही सुख नव्हते, कारण ते घराणेच विभक्त झालेले. 2010 साली ओपनऑफिसच्या मंडळींत फूट पडून लिब्रेऑफिस वेगळे निघाले, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत तीच भांडी, त्याच फडताळांत, फक्त नावे खरवडलेली, असा प्रकार आहे. देवासकडील मनुष्यास हे समजावून सांगावे लागत नाही. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून तेथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. गाव एकच, राजे दोन, दरबार दोन, दप्तरे दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी चिटणिसाची नोकरी केली, आणि परत गेल्यावर त्या अनुभवावर 1953 साली एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना विषय शोधण्याचे श्रम पडले नसावेत. माझी गत अशी झाली की जो जो खुलासा मला मन लावून वाचावासा वाटे तो तो निष्पन्न होई थोरल्या पातीचा, आणि माझा खटला होता धाकट्या पातीत. भरीस भर म्हणजे, ज्या एका टिपणात देवनागरीच्या संयोगाची पद्धत सविस्तर व सुबोध वर्णिलेली मला सापडली ते टिपण आयसीयूच्या जुन्या मांडणी-यंत्रणेविषयी होते, आणि 2017 साली निघालेल्या 5.3 या आवृत्तीपासून लिब्रेऑफिसने सर्वत्र एकट्या हार्फबझलाच कामावर ठेवले होते. या क्षेत्रात माझ्या पाहण्यात आलेला एकही सुबोध दस्तऐवज हयात वस्तूविषयी नव्हता. वस्तू मयत झाल्यावरच तिच्याविषयी निवांतपणे लिहावयास लेखकास सवड मिळत असावी.

तेव्हा दस्तऐवजांचा नाद सोडून मूळ मजकुरातच हात घालावा असे मी ठरविले. यासाठी ग्रेप नावाचे एक पुरातन हत्यार आहे. केन थॉम्पसन यांनी ते 1973 च्या सुमारास युनिक्ससाठी घडविले, आणि ते इतके आज्ञाधारक आहे की जे मागाल ते देते. शहाणपणाने मागण्याची जबाबदारी संपूर्णपणे मागणाऱ्यावर. मला र हवा होता. मी रोमन लिपीत आर आणि ए ही दोन अक्षरे लिहून आज्ञा केली. वाचकहो, इंग्रजीतील कॅरॅक्टर या शब्दात ती दोन अक्षरे आहेत. ॲरे, पॅराग्राफ, लायब्ररी, ऑपरेटर, ट्रान्सफॉर्म, ड्रॉ, या सर्वांत ती आहेत. संगणकशास्त्रातून ती दोन अक्षरे वगळली तर ते शास्त्र तालुक्याच्या शाळेतही शिकविता येईल इतके लहान होईल. पडद्यावरून ओळी धावू लागल्या त्या थांबेनात. मी स्नान केले, पूजा आटोपली, वर्तमानपत्र वाचले, तरी त्या धावतच होत्या. मग मी शहाणा होऊन देवनागरीत ऱ लिहून शोधावयास सांगितले. हत्याराने क्षणार्धात काम संपवून मौन धरले. जेथे ऱ ची व्यवस्था ठरते त्या मजकुरात ऱ हे अक्षर कोणी लिहिलेलेच नव्हते.

"अरे, मग हे लोक त्याला म्हणतात तरी काय?" मी पुतण्यास विचारले.

"आयलॅश, काका. पापणीचा केस."

आमच्या अक्षरास परदेशात पापणीचा केस म्हणतात हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले, कारण नाव मोठे नाजूक आहे. मग तोच शब्द घेऊन मी सर्व प्रकल्पांतून एकदम धांडोळा घेतला. पहिल्यांदा एका खेळातील राजकन्येच्या पापण्या सापडल्या, मग एका चित्रे काढणाऱ्या आज्ञावलीतील पापण्या सापडल्या, ज्यांचा बाक, लांबी व दाटपणा वेगवेगळा बदलता येत असे, आणि माझ्या खांद्यावरून डोकावून घरातून शेरा आला, "हे तुमचे मांडूचे पत्रक का?"

असा सर्वत्र एकदम धांडोळा घेण्याची साधने कमी नाहीत, परंतु त्या साधनांचाही भरवसा धरता येत नाही. गूगलने 2006 साली जगभरचा सोर्स कोड शोधण्याची एक सोय काढली होती, आणि लोकांना तिची सवय लागली तोच, 2012 च्या आरंभी, ती बंद करून टाकली. रस कॉक्स या तिच्या कर्त्याने जाता जाता तिची सगळी युक्ती लिहून व आज्ञावली मुक्त करून ठेवली. म्हणजे शोधण्याचे साधन नाहीसे झाले असले तरी ते कसे केले होते हे आता शोधता येते. त्याच युक्तीवर पुढे डेबियनकरांनी आपल्या भांडारासाठी एक शोधयंत्र उभारले आणि ते उत्तम चालते. फक्त काय शोधावयाचे ते आपणास आधीच ठाऊक असले पाहिजे. ही अट सर्वच शोधयंत्रांची आहे, आणि ज्याला ती पुरी करता येते त्याला शोधयंत्राची गरज फारशी पडत नाही.

आमचे आजोबा धार संस्थानच्या दप्तरात कारकून होते. कोणी जुना कागद मागितला की ते डोळे मिटून, तिसरी फळी, डावीकडून दुसरा रुमाल, असे सांगत आणि कागद तेथेच निघे. मजकूर सारा मोडीत. लेखणी न उचलता, शब्द न तोडता आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न मानता लिहिलेला. सूची अशी कोणतीही नव्हती, कारण सूची आजोबांच्या डोक्यात होती, आणि पेन्शनीत निघताना ती त्यांनी बरोबर नेली. मुक्त स्रोताच्या प्रकल्पांतून मला अशा आजोबांचे पदोपदी दर्शन घडले. फरक इतकाच की आमच्या आजोबांचे लिहिणे निदान शुद्धलेखनाच्या भानगडीत पडत नसे. येथे युनिक्समध्ये नवी फाइल निर्माण करण्याची जी मूळ आज्ञा आहे तिच्या इंग्रजी शब्दातील शेवटचा ई आरंभीच गाळला गेला तो आजतागायत गाळलेलाच आहे, आणि पुन्हा युनिक्स लिहावयाचे झाल्यास आपण तेवढा ई घालू असे थॉम्पसन यांनी नंतर बोलून दाखविले. मायाजालावर वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या रेफरर या मथळ्यातील एक आर असाच हरवला, 1996 सालच्या अधिकृत दस्तऐवजात तो हरवलेल्या स्थितीतच रुजू झाला, आणि आता जगातील यच्चयावत संगणक ती चूक बिनचूकपणे करतात. जो इंग्रजी शुद्ध शिकला त्यास यांतील काहीही सापडावयाचे नाही. आमच्या वेळच्या मास्तरांनी स्पेलिंगसाठी जी छडी चालविली तिचे हे फळ.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची दप्तरे उतरविली, आणि 1898 पासून साधनांचे 22 खंड काढले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील रुमाल सोडून अवघ्या चार-पाच वर्षांत 45 भाग सिद्ध केले. या दोघांविषयीचा माझा आदर या प्रकरणाने दुणावला खरा, परंतु त्यांना एक मोठी सवलत होती हेही विसरून चालणार नाही: ज्यांचे कागद ते वाचीत ती माणसे मेलेली होती व रात्रीतून उठून कागद बदलून ठेवीत नव्हती. मी ज्या फाइलीचा माग काढीत हार्फबझमध्ये शिरलो, तिचे नाव माझ्या हाती असलेल्या टिपणानंतर केव्हातरी बदललेले होते. बदल कोणी केला हे पाहण्याची सोय गिट नामक दप्तरदाराकडे आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली निर्माण केलेल्या या दप्तरदारास ब्लेम अशी आज्ञा दिली की तो प्रत्येक ओळीपुढे कर्त्याचे नाव व तारीख मांडतो. गुन्हेगार हुडकण्याची एवढी सरळ तजवीज पोलीस खात्याकडेही नाही असे वाटून मी उत्साहाने ती आज्ञा सोडली. ज्या गृहस्थाचे नाव पुढे आले त्याने त्या ओळीत समासाची मोकळी जागा सारखी केली होती, एवढाच त्याचा गुन्हा. बदलाचे कारण लिहावयाच्या जागी 'किरकोळ दुरुस्ती' या अर्थाचे दोन शब्द होते.

खुलासा लिहिण्याच्या बाबतीत ही मंडळी फार मितभाषी. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, 1975 साली, एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी घेण्याच्या अवघड जागी कर्त्यांनी असा शेरा मारून ठेवला होता की हे वाचकास समजावे अशी अपेक्षा नाही. तो शेरा पुढे जगप्रसिद्ध झाला, आणि डेनिस रिची यांनी कालांतराने कबूल केले की खरी अडचण वेगळीच होती. काय चालले आहे ते त्यांना स्वतःलाही नीटसे समजलेले नव्हते. यापुढे दुसऱ्या एका चालीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ग्नूच्या एखाद्या आज्ञेची माहिती मॅन म्हणून मागावी, तर पानाच्या तळाशी असे आढळते की संपूर्ण माहिती इन्फो म्हणून मागावी. आणि इन्फो उघडावे, तर त्यातून बाहेर कसे पडावे याची माहिती आधी शोधावी लागते. एका रात्री मी संगणक बंद करूनच त्यातून सुटका करून घेतली.

मांडूचाच दाखला द्यावयाचा तर होशंगशहाच्या कबरीच्या दरवाज्यावर 1659 सालचा एक लेख आहे. शहाजहानच्या पदरचे स्थापत्यविशारद, त्यांत उस्ताद हमीद आणि ताजमहालाचे कर्ते मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव लुत्फुल्ला, येथे येऊन गेल्याची त्यात नोंद आहे. ताजमहालाची प्रेरणा या कबरीवरून घेतली असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात व मीही पत्रकात तसे सूचित केले होते; परंतु 1659 म्हणजे ताजमहाल पुरा होऊन काही वर्षे लोटल्यानंतरचा काळ. काम हातावेगळे झाल्यावर मूळ पाहावयास येण्याची अभियंत्यांची चाल ही अशी जुनी आहे. आणि एवढ्या दूरवर येऊन, डोंगर चढून, या थोर पुरुषांनी दगडावर काय कोरून ठेवले, तर नावे आणि तारीख. काय पाहिले, काय घेतले, घुमटाचे गणित कोठे पटले नाही, याविषयी अक्षर नाही.

असे असूनही मला ती ओळ सापडली, हे नम्रपणे सांगितले पाहिजे. हार्फबझमध्ये भारतीय लिप्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे संयुक्त चिन्हे फोडून त्यांचे मूळ घटक वेगळे करणारे एक कलम आहे, आणि त्या कलमास अपवाद म्हणून काही अक्षरांची यादी दिलेली आहे. यादीच्या माथ्यावर, यांचे विघटन करू नये, असा स्पष्ट हुकूम. त्या यादीत पहिलाच क्रमांक 0931, म्हणजे युनिकोडच्या खानेसुमारीत देवनागरी ऱ. जगातील अगणित फोनांत व संगणकांत जी आज्ञावली अहोरात्र चालते आहे तिच्या पोटात, कोणा अपरिचित माणसाच्या हातून, माझ्या ऱ ला हात लावू नये अशी ताकीद लिहिलेली होती! मी मोठ्याने हाक मारली.

"अहो, काय झाले?"

"सापडले! ऱ फोडू नये असे येथे स्वच्छ लिहिले आहे."

"बरे," पत्नी म्हणाली, "मग फोडला कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रकल्पाच्या मूळ मजकुरात नव्हते, कारण सर्व प्रकल्प निर्दोष होते. दऱ्या हा शब्द संगणकावर एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे अक्षर घेऊन त्यास हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे जोडक म्हणून एक अदृश्य चिन्ह घालतात. बाकदार र दिसावयाचा तो या अदृश्य चिन्हाच्या जिवावर. र खाली नुक्ता देऊनही तोच परिणाम साधतो. पडद्यावर सर्व रूपे हुबेहूब सारखी दिसतात आणि शोधयंत्रास मात्र ती परस्परांची ओळखही लागत नाहीत, म्हणून डोळ्यांसमोर धडधडीत दिसणारा शब्द सापडत नाही असे उत्तर ते निर्विकारपणे देते. छापखान्यातील टंकलेखकाने अदृश्य चिन्हाची रीत पत्करली होती. एका आज्ञावलीतून दुसरीत मजकूर नेताना ते चिन्ह, जे दिसत नाही ते असून काय उपयोग, अशा व्यवहारी विचाराने वाटेतच झाडून टाकले गेले. आणि उरलेल्या साध्या र व हलन्ताचा नियमाप्रमाणे रफार झाला. व्याकरणाने दर्या, हिशेबाने दर्या, फक्त मांडूला दर्या नाही.

हे सर्व मी छापखान्याच्या मालकांना युनिकोडच्या क्रमांकांसह समजावून सांगितले. त्यांनी चहा मागविला, शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एवढे कशाला? दऱ्या काढून टाका. आमच्याकडे खोह म्हणतात. काकडा खोह सगळ्यांना माहीत आहे."

दुसरे पत्रक निघाले तेव्हा मांडूच्या सभोवती खोल खोह होत्या. परंतु मालकांनी तेवढ्यावर थांबणे पसंत केले नव्हते. र च्या जोडाक्षरांवरील त्यांचा विश्वासच उडाल्यामुळे, बाकदार असो की रफाराचा असो, ज्या ज्या शब्दात तो दिसला तो तो शब्द त्यांनी स्वतःच्या अखत्यारात बदलला होता. पायऱ्यांचा जिना झाला, मनोऱ्याचा मिनार झाला, सूर्यास्ताची संध्याकाळ झाली. पर्यटकांनी धैर्याने पायऱ्या चढून वाऱ्याचा आस्वाद घ्यावा, या माझ्या वाक्याचे प्रवाशांनी हिमतीने जिना चढून हवा खावी असे झाले होते. या पत्रकाची भाषा पहिल्याहून पुष्कळच सुधारली असा अभिप्राय पुण्याच्या त्या अभियंत्यांनी आवर्जून पत्राने कळविला आहे.

ज्यांना मालकांचा मार्ग पत्करावयाचा नाही अशा मराठी टंकलेखकांस एक विनंती आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ हे अक्षर र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, मिळते. त्यास हलन्त लावावा व पुढे य घ्यावा. अदृश्य चिन्हाच्या वाटेस जाऊ नये.